कुत्रा एकाचा, सल्ला गावाचा

डोंबिवलीत माणूस आजारी पडला तर लोक आधी विचारतात, "कुणाला दाखवलंत?" कुत्रा आजारी पडला तर दाखवण्याबिखवण्याचा प्रश्नच येत नाही, थेट औषध सांगतात. पट्टा हातात धरून टिळक रोडवरून निघा आणि फडके रोडच्या टोकाला गणपतीच्या देवळापर्यंत चालत या. वाटेत दोन-तीन आहारतज्ज्ञ, एखादा त्वचारोगतज्ज्ञ आणि किमान एक मानसोपचारतज्ज्ञ गाठ पडतोच. फी कुणी घेत नाही. घेतली असती तर बरं झालं असतं. फी देऊन घेतलेला सल्ला बिनदिक्कत विसरता येतो, फुकटच्या सल्ल्याची मात्र दुसऱ्या दिवशी चौकशी होते. "काय, दिलंत का ओव्याचं पाणी?"

आमच्याकडचा बंड्या जातीने गावठी. सोसायटीतला लॅब्रॅडॉर खाली आला की लोक त्याचा खुराक विचारतात. बंड्याला बघितलं की आमची परिस्थिती विचारतात. "कुणी दिला का हो? की असाच आला?" मग गावठी कुत्र्यांसाठी राखून ठेवलेलं ते वाक्य येतं, "ह्यांना काय, काहीही चालतं." हे वाक्य म्हणणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा शिळी भाजी असते.

पण या सल्ल्यांत कुत्रा फार कमी असतो, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. सल्ला देणारा स्वतःचंच बोलत असतो. ज्याला ॲसिडिटी, तो कुत्र्याचं तिखट बंद करायला सांगतो. ज्याची सून ऐकत नाही, तो कुत्र्याला शिस्त लावायला सांगतो. एखाद्या घरातलं दुखणं काढून घ्यायचं असेल तर त्यांच्यासमोर आपला कुत्रा उभा करावा आणि गप्प राहावं.

तळमजल्यावरच्या काकांचंच घ्या. काकांना मधुमेह. बंड्याच्या तोंडातल्या ग्लुकोज बिस्किटाकडे ते ज्या नजरेने बघतात, त्या नजरेत तिरस्कार आणि विरह यांचं प्रमाण साधारण सारखं असतं. "साखर म्हणजे विष," ते बंड्याला समजावतात. गंमत म्हणजे काकांचं म्हणणं बरोबर आहे. बिस्किटात मैदा आणि साखर, दोन्ही कुत्र्याला कामाची नाहीत. पण एवढं सांगून झाल्यावर काकांना बंड्याची दया येते आणि ते खिशातून आपली शुगर-फ्री गोळी काढतात. इथे मला झडप घालावी लागते. काही शुगर-फ्री गोळ्यांत आणि च्युइंगममध्ये झायलिटॉल असतं. माणसाला त्याचं काही होत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र ते गेलं की इन्शुलिनचा लोंढा सुटतो, रक्तातली साखर झपाट्याने उतरते, प्रमाण जास्त असेल तर यकृतही जातं. काकांच्या गोळीत ते आहे की नाही, हे वेष्टनावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि काकांचा चष्मा घरी असतो.

खाण्याच्या बाबतीत आपल्या पंचांगाला जेवढं कळतं तेवढं आपल्याला कळत नाही, असं माझं मत होत चाललं आहे. चातुर्मास हा कुत्र्याच्या आरोग्याला सर्वांत मानवणारा काळ. कांदा आणि लसूण या दोन्ही गोष्टी कुत्र्याला वाईट. कच्चा असो, परतलेला असो की वाटणातला असो, कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि पंडुरोग होतो, तोही चार-पाच दिवसांनी, म्हणजे आपण ती भाजी विसरल्यावर. ज्या घरात चार महिने कांदा-लसूण शिवत नाहीत, त्या घरातला कुत्रा आपोआप पथ्यावर असतो. धोका त्याच्या आधीचा. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, घराघरांत कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, भरला कांदा असा निरोपसमारंभ चालतो आणि प्रत्येक जण टेबलाखाली एकेक भजं सोडतो. "एकाने काय होतंय!" घरात माणसं सहा, म्हणजे भजी सहा. हा हिशोब घरात फक्त कुत्र्याला येतो.

आषाढ अमावास्येला गटारी. त्या रात्री कल्याणपासून ठाण्यापर्यंत कुत्र्यांना हाडांचा पाऊस. शिजवलेलं हाड, त्यातून कोंबडीचं, तडकून सुईसारखं टोकदार होतं आणि घशात, आतड्यात रुततं. मटणाची नळी दाताला भारी पडते. डॉक्टर सांगून दमले. पण आपण नळी चोखून संपवायची आणि ती कुत्र्याला टाकायची, यात आपल्याला दानाचं पुण्य लागतं, ते कोण सोडणार?

यापेक्षा अवघड प्रकरण सत्यनारायणाच्या प्रसादाचं. हाड नाकारता येतं, प्रसाद कसा नाकारणार? वरच्या मजल्यावरच्या काकू द्रोण घेऊन दारात उभ्या राहतात. द्रोणात तो सव्वाच्या मापाचा शिरा, तुपात थबथबलेला, वर केळ्याचा काप आणि प्रत्येक घासाला एक टपोरा मनुका. आमचा वाटा देऊन झाला की काकू खाली वाकतात. "आणि हा आमच्या बंड्याचा."

"काकू, त्याला मनुके चालत नाहीत."

"अहो, प्रसाद आहे!"

"हो, पण द्राक्षं, मनुके यांनी कुत्र्यांची किडनी जाते."

काकू माझ्याकडे अशा बघतात की जणू मी सत्यनारायणाच्या पोथीतला तो प्रसाद टाकून गेलेला राजा आहे आणि आता माझी शंभर पोरं आणि सगळं धन जाणार. मग त्या एक तोडगा काढतात. तिथेच उंबऱ्यावर बसून चिमटीने एकेक मनुका काढतात, तो स्वतः खातात आणि उरलेला शिरा बंड्यापुढे धरतात. मनुके वाचले. आता तूप उरलं.

तुपाचा प्रश्न आपल्याकडे फार जुना. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन नामदेव धावले, कोरडी खाऊ नका म्हणाले, ही गोष्ट आपण सगळे ऐकत आलो. नामदेवांना त्या कुत्र्यात विठ्ठल दिसला. आमच्या डॉक्टरांना त्या वाटीत स्वादुपिंडाची सूज दिसते. एकदम जड, तुपकट खाणं पडलं की काही कुत्र्यांना ओकाऱ्या सुरू होतात, पोट दुखून ते धनुष्यासारखे वाकतात आणि सलाइनवर जातात. हे मी एका कीर्तनकार गृहस्थांना सांगितलं. ते म्हणाले, "नामदेवांचा कुत्रा पळत होता ना? पचलं असणार." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि डॉक्टरांकडेही नव्हतं.

द्राक्षांतलं नेमकं काय बाधतं, हे बरीच वर्षं कुणालाच सापडत नव्हतं. अलीकडे टार्टारिक आम्लावर संशय पक्का होत चालला आहे. हेच आम्ल चिंचेत भरपूर. म्हणजे चिंच-गुळाची आमटी गेली. दुधाचंही तेच. पिल्लू मोठं झालं की दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होते आणि बऱ्याच कुत्र्यांना दूध-पोळीने पातळ होतं. दूध-पोळी, आमटी-भात, हाडं, प्रसाद आणि भजी वजा केल्यावर मराठी घरात कुत्र्याला द्यायला राहतं काय? साधा भात, बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा अंडं, थोडा दुधी, गाजर, पचत असेल तर चमचाभर दही. नाहीतर पाकिटातलं कोरडं खाणं. त्याला आपल्याकडे कंपनी कुठलीही असली तरी 'पेडिग्री'च म्हणतात. "आमचा पेडिग्री खात नाही, दुसऱ्या कंपनीचं पेडिग्री खातो," हे मी दुकानात स्वतः ऐकलं आहे.

किती द्यायचं, याची साधी खूण आहे. कुत्र्याच्या छातीवरून हात फिरवला की बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत, लांबून मोजता येता कामा नयेत. वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. बंड्याला ती आहे. त्यामुळे "किती वाळलाय हो, खायला घालता की नाही?" हे आम्हाला रोज ऐकावं लागतं, आणि विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना स्वतःची कंबर आहे.

घरचे सल्ले वेगळे. आमच्या आईने बंड्याच्या कानाला हात लावला आणि जाहीर केलं, "ह्याला कणकण आहे." कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. आपल्या हाताला तो जन्मभर तापलेलाच लागणार. हे सांगून उपयोग झाला नाही. तिने तापाची गोळी फोडायला घेतली होती. माणसांच्या तापाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याच्या यकृताला, पोटाला, किडनीला घातक ठरू शकतात, म्हणून ती वाटी मी आधी उचलली. मग थर्मामीटर आणायचं ठरलं. कुत्र्याला ते कुठे लावतात हे कळल्यावर आईने बंड्याचा ताप उतरल्याचं सांगितलं.

पावसाळ्यात सल्ल्यांनाही शेवाळ धरतं. इथला ऑगस्ट म्हणजे गोचिडांची जत्रा. बंड्याला आडवा पाडून कानाची पाळी उलटी केली की आत एरंडाच्या बीसारखी टम्म फुगलेली एक बसलेली असते, शिवाय बोटांच्या बेचक्यांत तिचं खटलं. शेजारून सूचना येतात. रॉकेल लावा. डांबरगोळी ठेवा. उदबत्तीने चटका द्या. एकाने तंबाखूचं पाणी सुचवलं, तेव्हा त्याच्या तोंडात त्याचाच कच्चा माल होता. खरी रीत अगदी बेचव आहे. चिमटा कातडीला लागून धरायचा, सरळ वर ओढायचं, पिळायचं-जाळायचं नाही, आणि डॉक्टरांनी वजनाप्रमाणे दिलेलं औषध वेळेवर वापरायचं. गोचीडतापाने हिरड्या पांढऱ्या पडतात, कुत्रा मलूल होतो, अन्नाकडे बघत नाही. तोपर्यंत रॉकेलवाले दुसऱ्या कुत्र्याकडे गेलेले असतात.

आणि लेप्टो. साचलेल्या पाण्यात उंदीर-घुशींच्या लघवीतून येणाऱ्या या जंतूचा रोग कुत्र्याला होतो आणि त्याच्याकडून आपल्यालाही होऊ शकतो. वालधुनीच्या काठच्या किंवा स्टेशनजवळच्या सखल भागातल्या लोकांना तुंबलेलं पाणी काय असतं हे नव्याने सांगायला नको. वर्षाची लस चुकवायची नाही आणि फिरून आल्यावर पंजे धुऊन, बोटांमधून कोरडे करायचे, एवढंच. पंजे पुसणं हे वाक्य लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात चार पाय, एक टॉवेल आणि तो टॉवेल ओढून नेणारं एक तोंड.

चावण्याबद्दल मात्र थट्टा नको. आपल्याकडे अजूनही जखमेवर मिरची पूड भरणारे, चुना फासणारे आहेत. जुनी माणसं पोटातल्या चौदा इंजेक्शनांची आठवण लढाई जिंकल्यासारखी सांगतात. रेबीजची ती लस मेंढीच्या मेंदूपासून करायची, आणि २००४ च्या अखेरीस भारतात तिचं उत्पादनच बंद झालं. आता दंडात चार-पाच टोचण्या, महिनाभरात काम संपतं, आणि जखम खोल असेल तर सोबत सीरम. पण त्याच्याही आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुणं. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. आणि घरच्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. लक्षणं दिसायला लागल्यावर या रोगावर इलाज नाही.

शिकवणीचं खातं आमच्या सोसायटीत एका निवृत्त बँक मॅनेजरांकडे आहे. त्यांनी व्हिडिओ बघून काढलेला सिद्धान्त असा, की कुत्रा म्हणजे लांडगा, लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो आणि घरात तो म्होरक्या आपण आहोत हे कुत्र्याला दाखवून द्यायचं. त्याच्या आधी जेवायचं, दारातून त्याच्या आधी बाहेर पडायचं, डोळ्याला डोळा भिडवायचा. या सिद्धान्ताची कथा मॅनेजरांना मी सांगितली नाही, कारण त्यांची पेन्शन आणि तत्त्वं दोन्ही ठरलेली आहेत. १९४७ साली एका संशोधकाने स्वित्झर्लंडच्या बाझल प्राणिसंग्रहालयात डांबलेल्या लांडग्यांच्या मारामाऱ्या बघून म्होरक्याची कल्पना मांडली. डेव्हिड मीच नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ती १९७० च्या आपल्या पुस्तकात घेतली आणि पुस्तक तुफान खपलं. पुढे त्यानेच रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि त्याला दिसलं की कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. म्होरक्या वगैरे काही नाही, साधं कुटुंब. तेव्हा हाच गृहस्थ माझं पुस्तक छापू नका म्हणून प्रकाशकाच्या मागे लागला. इकडे आमचे मॅनेजर बंड्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभे असतात, तेवढ्यात खिडकीतून हाक येते, "अहो, कोथिंबीर आणलीत का?" आणि म्होरक्या घाईघाईने मंडईकडे वळतो.

रीतसर मास्तरही लावून पाहिले. ते स्कूटरवरून येत आणि त्यांच्या पँटच्या खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे असत. ते असेपर्यंत बंड्या अगदी एन.सी.सी.च्या कॅडेटसारखा वागे. मास्तर गेले की कलेजीही गेली. त्यांनी सांगितलेलं खरं मर्म तेवढं कळलं. बक्षीस लगेच द्यायचं, दोन सेकंदांत. आपण शाबासकी द्यायला किचनमधून बिस्किटांचा डबा शोधून आणेपर्यंत तो बसलेला उठतो, भुंकतो आणि मग त्याला बिस्किट मिळतं, म्हणजे आपण भुंकणं शिकवलं. आणि घरात एका कामाला एकच शब्द. आमच्याकडे मुलगा "सिट" म्हणतो, आई "बस रे बाळा" म्हणते, कामाच्या मावशी "बैठ" म्हणतात आणि वैतागल्यावर मी जे म्हणतो त्याचा बसण्याशी काही संबंध नसतो. बंड्या चौघांच्याही हाताकडे बघतो. हातात काही असलं की सगळ्या भाषा येतात.

पिल्लाने घरात शू केली तर त्याचं नाक त्यात घासा, हा उपाय सांगणारे अजून आहेत. त्याने पिल्लू एवढंच शिकतं की ह्यांच्यासमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे करतं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच खाली नेणं हाच मार्ग, आणि तो लिफ्टच्या मर्जीवर चालतो. आठव्या मजल्यावर लिफ्ट येईपर्यंत तीन महिन्यांच्या पिल्लाने काय करावं, हे कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही. लिफ्टमध्ये कुत्र्यांना बंदीची पाटी लावणाऱ्या कमिट्यांना केंद्रीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्येच अशी बंदी घालता येत नाही म्हणून कळवलं आहे. कमिटीने ते पत्र फाइलला लावलं आणि पाटी जिथे होती तिथे ठेवली.

घोडबंदर रोडकडे गेलात की सल्ल्यांची पातळी उंचावते. तिथे टॉवर उंच, कुत्रे परदेशी. मे महिन्यात ठाण्याच्या दमट उकाड्यात बर्फातल्या हस्कीला फिरवणारी माणसं दिसतात. कुत्रा मुख्यतः धापा टाकून गार होतो, आणि हवेत आधीच पाणी असेल तर धापांनी फारसं साधत नाही. "टक्कल करून टाका," असं वॉचमन सांगतो. हस्कीची दुपदरी लोकर उन्हालाही अडवते, तिची हजामत करून भलतंच होतं. भर दुपारी हाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर पाच सेकंद टेकवून बघावी. आपल्याला सोसलं नाही तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. चपट्या नाकाच्या पगला तर श्वासाचीच मारामार, पण एकेकाळी मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत तो पोराच्या मागे धावताना दिसला आणि घराघरांत आला.

येऊरच्या पायथ्याला सल्ला एकच आणि तोही गंभीर: अंधार पडल्यावर कुत्रा मोकळा सोडू नका. वर राष्ट्रीय उद्यानात बिबटे आहेत आणि त्यांच्या ताटात कुत्रा नेहमीचा. ते वर्षाला साधारण दीड हजार भटके कुत्रे खात असावेत, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. अभ्यासकांचं म्हणणं, त्यामुळे लोकांना कुत्रे चावण्याचं प्रमाणही घटत असावं. बिबट्या महापालिकेचं काम करतो, तेही निविदा न काढता. फेब्रुवारी २०१९ मध्ये एक बिबट्या थेट समतानगरच्या कोरम मॉलमध्ये शिरला होता आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाने कल्याण पूर्वेला चिंचपाड्याच्या इमारतीत शिरून माणसं जखमी केली. तेव्हापासून आमच्याकडेही रात्री दहानंतर बंड्याला नेताना कुणीतरी गॅलरीतून हटकतं, "सांभाळून हो, बिबट्या!" चौकात पाणीपुरीची गाडी जोरात चाललेली असते.

सर्वांत कमी शब्दांचा सल्ला डॉक्टरांचा. दवाखान्याच्या बाकावर तासभर बसल्यावर आत दोन मिनिटं. लस वेळेवर, जंताचं औषध तीन महिन्यांनी, बिस्किटं बंद, वजन वाढू देऊ नका, चालणं वाढवा. कागदावर पाच ओळी. एवढे पैसे देऊन एवढंच? बाहेर आल्यावर चेहऱ्यावरची ही निराशा लपत नाही. बाकावर एक गृहस्थ जाडजूड बीगल मांडीवर घेऊन बसलेले असतात. त्यांची पाळी अजून यायची असते. आपण त्यांच्याशेजारी टेकतो आणि हळूच विचारतो, "डॉक्टर सांगतात ते ठीक आहे हो. पण तुम्ही काय घालता ह्याला?"

गृहस्थ खुर्ची पुढे ओढावी तसे बाकावर सरसावून बसतात.